पारंपरिक धनुष्याची मूठ आपल्या हाताला बसती करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्कृतात धनुष्याच्या मधल्या भागाला ‘लस्तक’ असा स्वतंत्र शब्द आहे. जिथे हात बसतो त्या वीतभर जागेला वेगळं नाव द्यावंसं कुणाला तरी वाटलं, यातच तिचं महत्त्व आलं. बाण सुटताना धनुष्याला तुमचा स्पर्श फक्त तिथेच उरतो. मूठ कापण्याबद्दल, भरण्याबद्दल आणि बिघडलेली सावरण्याबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. लाँगबो म्हणजे लांब सरळसोट धनुष्य, लाकडी रायझरचं (मधल्या ताठ भागाचं) रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, एकाच लाकडातून घडवलेलं सेल्फबो आणि घोडेस्वारांच्या परंपरेतलं आखूड धनुष्य ही सगळी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. नेम धरायच्या उपकरणांनी सजलेली आधुनिक धातूची धनुष्यं इथे विचारात घेतलेली नाहीत.

आधी शब्द समजून घेऊ. मुठीचे कोणते भाग महत्त्वाचे?

दोरीकडची, म्हणजे आपल्याकडची बाजू हे धनुष्याचं पोट. लक्ष्याकडची बाजू ही त्याची पाठ. पोटाच्या बाजूला मुठीत सगळ्यात खोल गेलेली जागा असते, तिला मी गळा म्हणतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बेचका या गळ्यात बसतो. गळ्याच्या खाली मूठ पुन्हा फुगते आणि तिथे तळव्याचा खालचा भाग टेकतो किंवा टेकत नाही. वर बाण ठेवायची खाच म्हणजे शेल्फ. रायझर जिथे पातळ होत होत पात्यांत, म्हणजे वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांत, मिसळतो ती जागा फेडआउट. या शेवटच्या जागेला कानस लावायची नाही. का ते पुढे येईलच.

माझ्या मुठीत दोष आहे की माझ्या पकडीत, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे, आणि बहुतेक जण कानस हातात घेतल्यावर तो विचारतात.

आधी हात कसा बसायला हवा ते पाहू. हात समोर धरा, जणू कुणाला थांब म्हणताय. आता पंजा थोडा बाहेर वळवा, बोटांच्या मुळांची ओळ जमिनीशी साधारण ४५ अंशांचा कोन करेल इतका. तळहातावरची आयुष्यरेषा आणि अंगठा यांच्यामध्ये जो मांसल उंचवटा आहे, धनुष्याचा दाब त्यावर यायला हवा. आयुष्यरेषेच्या करंगळीकडच्या बाजूला दाब गेला की धनुष्य हातात पिळलं जातं. याला तिरंदाज टॉर्क म्हणतात. कोपराच्या आतल्या बाजूवर किंवा पुढच्या हातावर दोरी आपटून काळानिळा डाग उठत असेल, तर बहुधा हात मुठीवर जास्त आत गुंडाळला गेलेला असतो.

आता चाचणी. धनुष्य तीन-चार इंचच ओढा आणि धनुष्याच्या हाताची बोटं पूर्ण सैल सोडा. धनुष्य आपोआप सरकून कुठे बसतं ते पाहा. मग दोरी हळू परत आणा. बाणाविना दोरी कधीच सोडायची नाही, बाणाने न्यायची ताकद पात्यांतच राहते आणि धनुष्य फुटू शकतं. सैल हातात धनुष्य ज्या जागी बसलं आणि नेमबाजी करताना तुम्ही ते जिथे धरता, त्या दोन जागा एकच असतील तर मूठ ठीक आहे. वेगळ्या असतील तर मूठ हाताला चुकीच्या जागी नेते आहे, किंवा तुम्ही ते जबरदस्तीने तिथे धरता आहात.

दुसरी चाचणी डोळे मिटून. दहा वेळा हात मुठीवर ठेवा, थोडं ओढा, डोळे उघडा, हाताची जागा पेन्सिलीने मुठीवर लावलेल्या मास्किंग टेपवर खुणवा. दहा खुणा एकमेकींवर पडल्या तर मुठीला हात लावू नका. विखुरल्या तर पुढे वाचा.

नवशिक्याने मूठ बदलावी का?

पहिले काही महिने नको. खांदा, कोपर, मनगट अजून आपापली जागा शोधत असतात आणि आजच्या हातासाठी कापलेली मूठ चार महिन्यांनी परकी वाटते. तोवर चामड्याची पट्टी गुंडाळून काम चालवा. मूठ इतकी जाड असेल की हात दुखतो, तर धनुष्य बदलून पाहा. लाकूड कापणं हा शेवटचा उपाय.

जिथे दुखतं तिथलं लाकूड काढायचं का?

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्या एका लाँगबोच्या मुठीने अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात फोड यायचा. मी सरळ गळा खोल करायला घेतला. एका संध्याकाळीच चार-पाच मिलिमीटर लाकूड गेलं. फोड थांबला नाही, उलट हात आणखी वर, शेल्फच्या कडेखाली चेपला गेला आणि तर्जनीचं मूळ दुखू लागलं. नंतर मुठीवर खडूची पूड लावून पाहिलं तेव्हा कळलं की तळव्याच्या खालच्या भागाला कुठेच टेकू नव्हता. सगळा भार बेचक्याच्या बोटभर पट्टीवर येत होता. तिथे लाकूड काढायचं नव्हतं, खाली भर घालायची होती. कापलेला गळा मला पुटीने पुन्हा भरावा लागला.

तेव्हापासून माझा नियम असा: दुखरी जागा म्हणजे जिथे दाब साठतो ती. तो तिथे का साठतो याचं उत्तर बहुतेक वेळा मुठीच्या दुसऱ्याच भागात सापडतं. बेचका दुखतो तेव्हा खालच्या टेकूकडे पाहा. अंगठ्याचं मूळ दुखतं तेव्हा अंगठ्याकडची बाजू फार फुगीर आहे का ते पाहा, कारण ती हाताला वळवते आणि सांधा ताणते. बोटांची टोकं दुखतात तेव्हा तुम्ही मूठ आवळता आहात. बारीक मूठ किंवा घसरणारा पृष्ठभाग हे त्याचं एक कारण असू शकतं. भीतीही असू शकते, धनुष्य हातातून पडेल अशी.

मनगटात किंवा अंगठ्याच्या सांध्यात दुखणं नेमबाजी थांबवल्यावरही राहत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवा. त्यावर मूठ हा उपाय नव्हे.

दाब नेमका कुठे पडतो, हे दिसेल असं काही करता येतं का?

येतं. मुठीभर मास्किंग टेप लावा, सुरकुती न पडता. हातावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर चोळा, जास्तीची झटका. नेहमीसारखे तीन-चार बाण मारा. टेपवर उमटलेला पांढरा डाग हा तुमच्या हाताचा नकाशा. त्याचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, कारण दमलेला हात आणि ताजा हात वेगळे उमटतात. दोन्ही नकाशांत जो डाग सारखा आहे त्यावरच विश्वास ठेवा.

उंच मनगट, सरळ मनगट, खाली टेकलेलं मनगट: कोणती मूठ चांगली?

उंच मुठीत मनगट वर उचललेलं असतं आणि दाब बेचक्याजवळच्या छोट्याशा जागेवर येतो. जागा लहान म्हणून चुकीला वाव कमी, पण मनगट दिवसभर तसं ठेवायला ताकद लागते. खाली टेकलेल्या मुठीत तळव्याचा खालचा भाग लाकडाला लागतो. हात दमत नाही, मात्र जोर कधी जास्त कधी कमी दिला तर बाण वरखाली जातात. मधली मूठ या दोन्हींच्या मध्ये.

सरळ मुठीच्या लाँगबोला बहुतेक जण बॅगेचं हँडल धरावं तसं धरतात, मनगट खाली ठेवून. ज्यांनी रिकर्व्हवर उंच मनगट कमावलं आहे, त्यांना या सरळ मुठीवर पहिले काही दिवस हात हरवल्यासारखा वाटतो. त्यांनी मूठ कापायची घाई करू नये. गळ्याच्या जागी चामड्याची एक जाड पट्टी दिली की पुष्कळदा हाताला ठिकाण सापडतं.

माझी पसंती मधल्या मुठीला आहे. पण पात्यांचा जोर मोठा असेल, ५० पौंडांच्या वर, तर मी खालचा टेकू आनंदाने घेतो.

आधी काढावं की आधी घालावं?

आधी घाला. घातलेलं काढता येतं.

मुलांच्या खेळातली मऊ माती म्हणजे प्लॅस्टिसिन किंवा मॉडेलिंग क्ले घ्या आणि हव्या त्या जागी थापून पाहा. पूर्ण जोराने ओढाल तर ती दबेल, पण हाताला आकार कळायला थोडी ओढ पुरते. ज्यांना वाटत होतं की मूठ जाड आहे, त्यांना मातीचा एक थर एका बाजूला लावल्यावर कळतं की ती जाड नव्हती, एकांगी होती. नुसती अंगठ्याकडची बाजू सपाट आणि बोटांकडची थोडी भरीव केली की तीच मूठ हातात बारीक वाटते.

चामड्याचा हिशेबही लक्षात असू द्या. दीड मिलिमीटर जाडीचं चामडं सगळीकडून गुंडाळलं की मुठीची रुंदी ३ मिमीने वाढते आणि घेर सुमारे ९ मिमीने. हाताला घेर जाणवतो, रुंदी नाही. म्हणून चामडं आधीपासून असलेल्या जाड मुठीचं फक्त चामडं उतरवून नेमबाजी करून पाहणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे.

पुटीने भर कशी घालायची?

दोन भाग मळून एकत्र करायची इपॉक्सी पुटी सर्वांत सोयीची. लाकडाला कायमची चिकटवायची असेल तर त्या जागेचं पॉलिश ८० ते १२० नंबरच्या सँडपेपरने खरवडून काढा आणि स्पिरिटने पुसा. शिसमसारख्या तेलकट लाकडाला ॲसिटोनने पुसल्यावर लगेच पुटी लावा, नाहीतर तेल पुन्हा वर येतं. परत काढता यायला हवी असेल, तर आधी मुठीवर मास्किंग टेपचे दोन थर द्या, त्यावर पुटी लावा आणि शेवटी चामड्याने सगळं बांधून घ्या.

हातमोजे घाला. न वाळलेलं इपॉक्सी त्वचेला लागत राहिलं की काहींना कायमची ॲलर्जी जडते. पुटीवर क्लिंग फिल्म गुंडाळा, हात त्यावरून हलका ठेवा, ओल्या बोटाने कडा पातळ करा. मग पूर्ण कडक होऊ द्या आणि कानशीने हवा तो आकार द्या.

इथे एक मोह होतो. ओली पुटी घट्ट आवळून बोटांचे ठसे उमटवावेत आणि ‘हुबेहूब माझ्या हाताची’ मूठ मिळवावी. कृपा करून असं करू नका. आवळलेल्या हाताचा ठसा म्हणजे चुकीच्या पकडीचा ठसा. नेम मारताना बोटं सैल असायला हवीत. खाचा असल्या की बोटं त्यांत शिरून आवळतात. थंडीत हात आक्रसतो, उन्हात फुगतो, खाचा मात्र तिथेच राहतात. चांगल्या मुठीला बोटांचे ठसे नसतात.

माझ्या धनुष्यातून लाकूड काढणं सुरक्षित आहे का?

धनुष्यावर अवलंबून आहे. इथे थोडं यंत्रशास्त्र समजून घेतलंत तर बराच धोका टळेल.

धनुष्य ओढलं की सगळ्यात जास्त वाकवणारा जोर मधोमध, मुठीवरच येतो. लाकडाची वाकण्याविरुद्धची ताकद रुंदीच्या प्रमाणात आणि खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. खोली म्हणजे इथे पाठीपासून पोटापर्यंतचं अंतर. रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताकद दहा टक्क्यांनी घटते. खोली दहा टक्क्यांनी कमी केली तर ताकद १९ टक्क्यांनी घटते आणि ताठपणा २७ टक्क्यांनी. म्हणून बाजू घासणं त्या मानाने कमी धोक्याचं, आणि गळा खोल करणं हे फार विचार करून करायचं काम.

टेकडाऊन, म्हणजे पाती सुटी करता येणाऱ्या, रिकर्व्हचा लाकडी रायझर सहसा जाड असतो, तिथे वाव मिळतो. मात्र पाती बसवायच्या बोल्टांच्या आणि आतल्या धातूच्या बुशच्या जवळ जाऊ नका. काही रायझरवर मूठ वेगळी काढता येते. तशी असेल तर मूळची तशीच जपून ठेवा आणि दुसरी घडवा.

एकसंध लाँगबो आणि रिकर्व्हमध्ये फायबरग्लास आणि लाकडाचे थर इपॉक्सीने चिकटवलेले असतात, आणि पाठीवरचा थर अनेकदा मुठीवरूनही सलग जातो. पाठीला हात लावू नका. फेडआउटला तर मुळीच नाही. ताठ रायझर आणि वाकणारं पातं यांची सांधी तिथे असते, आणि तिथला पातळ निमुळता लाकडी भाग एक मिलिमीटरने कमी झाला तरी चिकटवण सुटू शकते. तुमचा हात जिथे लागतो त्या दहा-बारा सेंटिमीटरपलीकडे जायचं कारणच नाही.

एकाच लाकडाच्या सेल्फबोमध्ये पाठीवर झाडाचं एक सलग वर्तुळ राखलेलं असतं. ते कुठेही तुटता कामा नये. मूठ ताठ असेल तर फक्त बाजू गोलवा. काही धनुष्यं मुठीतूनही थोडी वाकतात. त्यांना फक्त गुंडाळा. इंग्रजी युद्धधनुष्यांत मुळात वेगळी मूठ कोरलेलीच नसायची. १५४५ साली बुडालेलं आणि १९८२ मध्ये वर काढलेलं मेरी रोझ हे जहाज घ्या. त्यात सापडलेली यू लाकडाची लांब धनुष्यं टोकापासून टोकापर्यंत एकाच ओघात निमुळती झालेली आहेत. तिथे हातच धनुष्याशी जुळवून घेत होता.

शिंग, लाकूड आणि स्नायूंच्या संयुक्त धनुष्याचं काय?

लाकूड, शिंग, स्नायू काहीही कापू नका. पोटावर शिंगाचा थर आणि पाठीवर स्नायूंच्या तंतूंचा थर एकमेकांना ताणून असतात. तिथे चामडं, कॉर्क किंवा दोऱ्याची गुंडाळी एवढंच. आणि अशा मुठीत बाण कोणत्या बाजूला ठेवता हेही पाहा. अंगठ्याने दोरी ओढणारा उजवा तिरंदाज बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला ठेवतो, तिथेच त्याचा अंगठाही असतो. त्या बाजूला जाड शिलाई आली तर बाणाला अडथळा होतो.

जपानी यूमीची मूठ तर वेगळ्याच विचाराची आहे. दोन मीटरहून लांब धनुष्य, मूठ खालून सुमारे एक तृतीयांशावर, आणि बाण सुटल्यावर धनुष्य हातात गर्रकन फिरतं. तिथे मूठ कोरून हातात अडकवली तर तो फिरण्याचा गुणच जाईल. म्हणून चामड्याखाली पातळ थर घालून ती हाताला जुळवतात.

कापायचंच ठरवलं. काम कुठल्या क्रमाने करू?

दोरी उतरवा. ताणलेल्या धनुष्यावर कानस चालवायची नाही.

पुठ्ठ्यावर मुठीची बाजूची आणि समोरची रेघ काढून ठेवा. मूळ आकार काय होता हे आठवणीवर सोडू नका. शेल्फ, पाती आणि फेडआउट टेपने झाका. धनुष्य व्हाइसमध्ये धरायचं तर रायझरच धरा, दोन्ही बाजूंना जाड कापड किंवा रबर देऊन. पातं कधीच आवळू नका.

मुठीच्या मधोमध पाठीवर आणि पोटावर पेन्सिलीने उभी रेघ मारा. ती शेवटपर्यंत पुसली जाऊ देऊ नका, सगळा तोल तिच्यावरून समजतो. जिथून लाकूड काढायचं तिथे आडव्या रेघांची जाळी मारा. मग अर्धगोल कानस. रास्प म्हणजे दातेरी कानस जोरात खाते, ती सुरुवातीच्या भरीव कामालाच. मी दहा हात मारतो आणि थांबतो. सगळी जाळी एकसारखी पुसली गेली का ते पाहतो, पुन्हा जाळी मारतो. आधी सपाट पैलू पाडायचे, मग पैलूंच्या कडा मोडायच्या, मग गोलाई. थेट गोल करायला गेलात तर दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत.

हवं त्याच्या निम्मंच काढा. टेप सोडा, दोरी चढवा, बाण मारा. पुष्कळदा निम्म्यातच काम होतं आणि उरलेलं निम्मं वाचतं. सँडपेपरही लाकूड खातो, त्याच्यासाठी अर्धा-एक मिलिमीटर राखा.

यंत्राचा सँडर मी मुठीवर वापरत नाही. एका श्वासात तो एवढं खातो की परत भरायला आठवडा जातो.

धुळीची काळजी किती घ्यायची?

पूर्ण. शिसम-रोझवूडच्या कुळातल्या, पडौक, बुबिंगा अशा लाकडांची धूळ अनेकांना त्वचेवर पुरळ आणते किंवा श्वासाला त्रास देते. फायबरग्लासची धूळ तर कुणालाच नको. चांगला बसणारा धूळरोधक मास्क घाला, उघड्यावर काम करा, शेवटी ओल्या फडक्याने पुसून घ्या. फुंकर मारू नका.

मूठ बदलल्यावर ओढ आणि पौंड बदलतात का?

थोडे बदलतात, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून गोंधळ होतो. ओढीची लांबी मानकाप्रमाणे गळ्याच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंत मोजतात आणि त्यात पावणेदोन इंच मिळवतात. धनुष्यावर लिहिलेले पौंड, म्हणजे ओढायला लागणारा जोर, साधारणपणे २८ इंचांच्या ओढीवरचे असतात. तुमचा हात ते हनुवटी हे अंतर तर तेच आहे. गळा ५ मिमी खोल केलात की धनुष्य तेवढं तुमच्याकडे सरकतं, म्हणजे ते ५ मिमी कमी ओढलं जातं. बहुतेक धनुष्यांत इंचाला दोन-तीन पौंड बदलतात, तेव्हा अर्धा पौंड कमी झाला असं समजा. गळ्यात भर घातलीत तर याच्या उलट.

ब्रेस हाइट, म्हणजे दोरी चढवल्यावर मूठ आणि दोरी यांतलं अंतर, तीही गळ्यापासूनच मोजतात. दोरी न बदलता आकडा ५ मिमीने वाढलेला दिसेल. दोरीचे पीळ कमी करायला धावू नका, धनुष्य तसंच आहे. मोजायची सुरुवात हलली आहे.

टिलर (दोरीपासून वरच्या आणि खालच्या पात्याच्या अंतरातला फरक) बिघडेल का?

दोरी चढवून नुसतं मोजलंत तर टिलर पूर्वीइतकाच येईल. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली अशा पकडीत वरचं पातं दोरीपासून खालच्यापेक्षा ३ ते ६ मिमी लांब ठेवण्याची रीत आहे, आणि ती मुठीने बदलत नाही. बदलतो तो हातातला तोल. दाब खाली सरकला की खालच्या पात्यावर भार वाढतो आणि बाणाची शेपूट वर किंवा खाली उडताना दिसते. तेव्हा नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची खूण, नव्याने लावा. शेल्फवरून मारत असाल तर शेल्फपासून दोरीवर काटकोनात येणाऱ्या जागेच्या १० ते १३ मिमी वर ही सुरुवातीची जागा ठीक, मग बिनपिसाचा बाण मारून बारकावा ठरवा.

रबराची, न घसरणारी पट्टी लावावी का?

मला ती आवडत नाही. रबर हाताला पहिल्या स्पर्शातच धरून ठेवतं, मग ती जागा बरोबर असो वा चूक. गुळगुळीत मूठ ओढताना हाताला हलकेच घसरू देते आणि हात गळ्यात जाऊन बसतो, रोज त्याच ठिकाणी. हातांना फार घाम येत असेल तर मऊ बाजू वर असलेलं चामडं लावा. ते घाम पितं आणि हाताला थोडं सरकूही देतं. शिवण पाठीच्या बाजूला घ्या, तळव्याखाली टाका नको.

शेल्फ खाली नेऊन बाण हाताच्या जवळ आणावा का?

बाण हाताच्या जवळ आला की बोट दाखवावं तसा नेम लागतो, हे खरं. पण शेल्फ खोल करणं म्हणजे रायझरचा सगळ्यात अरुंद भाग आणखी कमजोर करणं. शिवाय पिसाचा पुढचा टोकदार देठ तर्जनीच्या मुळाला चिरतो. हातावरून बाण सोडणारे पिसांची पुढची टोकं दोऱ्याने बांधून गुळगुळीत करतात, ते याचसाठी. मी शेल्फला हात लावत नाही.

काम झाल्यावर पहिल्यांदा कसं ओढायचं?

डोळ्यांना चष्मा लावा. दोरी चढवा आणि दोरी मुठीच्या मधल्या रेघेवर येते का पाहा. कापसाचा बोळा मुठीवरून, फेडआउटवरून फिरवा. उभारलेला तंतू किंवा बारीक चीर असेल तिथे कापूस अडकतो. मग पाव ओढ, काही वेळा. मग अर्धी. दुसऱ्या कुणाला बाजूने पाहायला सांगा, पण धनुष्याच्या पातळीत उभं करू नका. टिक असा बारीक आवाज आला तर तिथेच थांबा, दोरी उतरवा आणि धनुष्य घडवणाऱ्या जाणकाराला दाखवा. आवाज आला नाही तर पूर्ण ओढ, आणि मग बाण.

स्पर्धेत अशी मूठ चालते का?

ज्या गटात उतरणार त्याचे नियम आधी वाचा. उदाहरण द्यायचं तर वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या बेअरबो (नेम धरायच्या उपकरणाविना) गटात दोरी उतरवलेलं धनुष्य सगळ्या जोडणीसह १२.२ सेंमी आतल्या व्यासाच्या कड्यातून जावं लागतं. पुटीने फुगवलेली मूठ तिथे अडकू शकते. नव्या धनुष्याची हमीही कानस लागताच संपते, असं धरून चाला.

शेवटी पॉलिश कोणतं आणि कधी?

घाईने नको. १२०, १८०, २४०, ३२० असा सँडपेपर चढत्या क्रमाने फिरवा. ओल्या फडक्याने एकदा पुसा, वाळू द्या, उभारलेले तंतू ३२० नेच हलके उतरवा. मग पातळ शेलॅकचा एकच हात द्या, घामाचे डाग अडवण्यापुरता. दोन-तीन आठवडे नेमबाजी करा. या दिवसांत एखादी कड खुपते, एखादा फुगवटा जास्त वाटतो. शेलॅकवरून पुन्हा घासणं सोपं असतं.

हाताची तक्रार थांबली की कायमचा लेप द्या. तुंग तेल किंवा जवसाच्या तेलाचे पातळ हात मुठीला सुंदर दिसतात आणि पुढे दुरुस्तीही सोपी जाते. पण तेल लावलेली फडकी बोळा करून ठेवू नका. वाळताना त्यांत उष्णता साठते आणि ती आपोआप पेटू शकतात. पसरून, एकेक करून, मोकळ्या हवेत वाळवा. चकाकी हातात घसरत असेल तर बारीक स्टील वूलने ती मोडा. लेप लवकर वाळावा म्हणून हीट गन फिरवू नका, पात्यांच्या थरांमधलं इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं.